पास्कलकाकांची जागा

फिलूमावशीचं नाव आधी लिहिते. काय झालं ते मागाहून सांगेन, कारण ते सांगायला लागले की ज्यांची नावं घ्यायची तीच राहून जातात. फिलोमेना हे तिचं बाप्तिस्म्याचं नाव. गावठाणात कुणी तिला फिलू म्हणायचं, कुणी फिलूबाय. मी तिच्या माळ्यावर भाड्याने राहायला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी तिला आंटी म्हटलं, तर म्हणाली, "आंटी नको बोलू गं. माना दुकानात उभं राहिल्यागत वाटतं." त्यांच्या बोलीत माना म्हणजे मला, तुना म्हणजे तुला, आते म्हणजे आता. तेव्हापासून मावशी. अंधेरीच्या पूर्वेला, जिथे विमानं कौलांवरून इतकी खाली उतरतात की बोलणं अर्ध्यात थांबवून वाट बघावी लागते, अशा एका जुन्या गावठाणात ती राहायची, आजही राहते. गावठाणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांची मुलं-नातवंडं आहेत, मला कुणाला मान खाली घालायला लावायची नाही. मावशीचं नाव मात्र दडवणार नाही. ज्यांना ते ऐकवायचं आहे त्यांनी ते ऐकावं.

आम्ही नगर जिल्ह्यातले. आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती, पण आमची मंडळी प्रोटेस्टंट मिशनची, साधी. आमच्या देवळात मूर्ती नाही, मेणबत्ती नाही. सतरंजीवर बसायचं, टाळ-मृदंगावर गीतं म्हणायची, पाळकसाहेबांचा संदेश ऐकायचा आणि घरी येऊन बाजरीची भाकरी खायची. वडील गेले त्या वर्षी मी आठवीतून शाळा सोडली. पुस्तकं लिहिणाऱ्या बायका शिकलेल्या असतात, मी तशी नाही. माझं एखादं वाक्य वाकडं गेलं तर वाचणाऱ्याने सरळ करून घ्यावं. माझा मोठा भाऊ शामुवेल, माझा दादा, मुंबईत परांच्या बांधायचा. इमारत वर चढते तेव्हा तिच्या अंगाभोवती बांबूंचा जो सांगाडा उभा राहतो, ती परांची. स्वतः तो साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपायचा. मला मुंबईत आणायचं ठरलं तेव्हा तो एका रविवारी चर्चच्या फाटकाशी उभा राहिला आणि बाहेर पडणाऱ्या बायकांना एकेक करून विचारत गेला, "बहिणीला ठेवायला एखादं ख्रिस्ती घर मिळेल का?" चौघी-पाचजणी पुढे गेल्या. फिलूमावशी थांबली. एवढीच आमची ओळख.

माळ्याला बाहेरून लाकडी जिना होता आणि त्याची चौथी पायरी करकरायची, त्यामुळे मी कधी आले-गेले ते खाली कळायचं. सकाळी औषधाच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवायला जायचे, संध्याकाळी परत. खाली ओटीवर पास्कलकाका, मावशीचे यजमान, खुर्चीत बसलेले असायचे. ते बँडवाले. लग्नाला आणि मयताला, दोन्हीकडे क्लॅरिनेट वाजवायचे. मी गेले तोवर त्यांची छाती खराब झाली होती, दहा पावलं चालले की धाप लागायची. क्लॅरिनेट भिंतीवर लटकायचं आणि ते नुसत्या बोटांनी खुर्चीच्या हातावर गाणं वाजवायचे. "ओळख बघू कुठलं," म्हणायचे. मला काय ओळखणार? मी काहीही नाव सांगायचे आणि ते म्हणायचे, "बरोबर."

एप्रिलमध्ये अंगणात मसाल्याचं काम निघायचं. चटईवर मिरच्या, धणे, हळकुंडं आणि काय काय वाळत पडायचं, मग तिघी बायका लांब मुसळं घेऊन आळीपाळीने कुटायच्या. त्यांच्या ठोक्यांना एक चाल होती. सगळं गावठाण आठवडाभर शिंकायचं. तो मसाला काळ्या बाटल्यांत ठासून भरायचा आणि वर्षभर पुरवायचा. मी माझी खर्डा-भाकरीवाली. सुक्या बोंबलाचा वास आला की पदर नाकाला लावायचे. "किरिस्तांव हाय आणि मावरं खात नाय," मावशी शेजारणीला सांगायची, जसं काही मी बिनहाताची जन्मले. वर्षभराने मीच तिच्याकडे तांदळाच्या भाकरीबरोबर बोंबील मागून घ्यायला लागले. दादा रविवारी यायचा, ओटीवर बसून जेवायचा, काकांशी तासभर गप्पा मारायचा. बोलका होता. चर्चमध्ये मात्र यायचा नाही. "तुमचं लई सोन्यारुप्याचं आहे मावशी, मला तिथं झोप येणार नाही," म्हणायचा.

मी जायचे. आणि तिथेच माझी चूक झाली. आमच्या मंडळीत प्रभुभोजन महिन्यातून एकदा, बसल्या जागी, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा बोटभर पेला. इथे दर रविवारी लोक उठून रांग लावायचे, फादर एकेकाला पांढरी गोल भाकरी द्यायचे. पहिल्या रविवारी सगळा बाक उठला, मीही उठले. फादर म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर," मी पुढचीचं ऐकून "आमेन" म्हटलं. कॅथलिकांशिवाय कुणी ते घ्यायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. मला विचारायची भीतीच वाटायची. परक्या गावात आपण जास्त प्रश्न विचारले तर लोकांना कळेल की आपण परके आहोत, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. दीड वर्ष मी त्या रांगेत उभी राहिले.

आता ते सांगते. सकाळची वेळ होती. दादा आणि तिघेजण सहाव्या मजल्याच्या उंचीवर परांचीचे दोर बदलत होते. खालचा भाग सुटला आणि सगळा सांगाडा बाजूला कलला. चौघेही पडले. दोघे जागच्या जागी गेले, त्यात दादा. कारखान्यात मला निरोप आला तेव्हा माझ्या हातात खोकल्याच्या औषधाचं लेबल होतं. ते मी कुठे चिकटवलं ते आठवत नाही. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात साइटचा मुकादम उभा होता. दुसऱ्या मयताचे नातलग आले होते, ते आपलं माणूस घेऊन बिहारला निघायच्या तयारीत होते. मुकादम मला म्हणाला, "गाडी सांगून ठेवलीय. पोस्टमॉर्टेम झालं की थेट गावाला न्या. इथं ठेवून काय करणार? इथं तुमचं कोण आहे?" हा प्रश्न त्याने सहज विचारला असेल. मला तो अजून ऐकू येतो.

मी बूथवरून गावात गुरुजींच्या घरी फोन लावला. ते आईला बोलवायला गेले तेवढा वेळ मी काचेच्या खोक्यात रिसीव्हर धरून उभी. आई आली. गुरुजींनी तिला सांगितलं होतं. ती रडली नाही. म्हणाली, "त्याला इकडं आणू नको."

"आई, गाडी आहे."

"असू दे. तुझ्या बापाला मी दिवसभर रस्त्यावर ठेवला. लेकाला नाही ठेवणार. तिथं माती दे. मी रातच्या यष्टीनं निघते."

वडिलांचं इथे सांगायला पाहिजे. आमच्या गावात ख्रिस्ती कबरस्थानाची वाट एका बागायतदाराच्या बांधावरून जायची. वडील वारले त्या साली त्याने वाट नांगरून काटे टाकले होते. तिरडी घेऊन आम्ही गेलो तर तो म्हणाला, "तुमच्या जातीच्या दाखल्यावर एक लिहिलंय, देवळात तुम्ही दुसरंच सांगता. आधी नक्की कोण ते एक काय ते लिहून द्या, मग वाट मागा." पाळकसाहेब, सरपंच, दोन पोलीस, सगळे बोलत राहिले. वडील रस्त्याच्या कडेला लिंबाखाली. ऊन फिरलं तशी आम्ही तिरडी सावलीत सरकवत होतो. दिवेलागणीला ओढ्यातून लांबची वाट काढून नेलं.  चार दिवसांनी दादाने मुंबई गाठली.

तर दादा मुंबईतच राहणार होता. पण कुठे? शहरात आमच्या पंथाचं कबरस्थान होतं, लांब, आणि तिथे शहरातल्या कुठल्यातरी मंडळीचं पत्र लागायचं. दादा कुठल्याच मंडळीच्या वहीत नव्हता. गावचे पाळकसाहेब दौऱ्यावर, त्यांचं पत्र मिळायला चार दिवस. हॉस्पिटलने उद्या दुपारपर्यंत ताबा घ्या म्हणून सांगितलेलं. मी घरी येऊन हे सगळं सांगितलं, ते फिलूमावशी उभ्याउभ्या ऐकत होती. चप्पल घालून म्हणाली, "चल फादरकडे."

चर्चच्या ऑफिसात फादर होते आणि कबरस्थान कमिटीचे बेनीअंकल. फादर मंगळूरकडचे, मराठी आमच्यासारख्यांशी बोलून शिकलेले. बेनीअंकल बँकेतून रिटायर झालेले, पास्कलकाकांचे चुलतभाऊ, म्हणजे मावशीचे दीर. कडक माणूस.

"कुठल्या पॅरिशचा होता?" त्यांनी विचारलं, म्हणजे कुठल्या चर्चच्या वहीतला.

माझ्याआधी मावशी बोलली, "किरिस्तांव होता. तुझ्या-माझ्यासारका."

"फिलू, तसं नाय चालत. जागा किती हाय तुना ठाव हाय. आपली माणसं रांगेत ठेवतो आणि दोन वर्षं झाली का वर काढतो, का तर खाली दुसरा आलेला असतो. आज हा, उद्या दुसरा कोन. मी कोनाकोनाला जागा देऊ?"

मुंबईबाहेरच्यांना हे ठाऊक नसेल म्हणून सांगते. तिथे मेलेल्या माणसालाही कायमची जागा नसते. रांगेतली कबर ठरल्या मुदतीने परत उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, वर नंबर. मोजक्या जुन्या घरांच्या तेवढ्या स्वतःच्या कबरी.

 बेनीअंकलनी चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे बघितलं. त्यांचा आवाज उतरला. "हे बघ पोरी, मी पण माणूस हाय. तू दर रविवारी कम्युनियन घेतेस. मी बाजूलाच थाळी धरून असतो, बघतो ना. म्हणजे तू कॅथलिक. तू कॅथलिक तर भाऊ पण कॅथलिक. फादर, लिहून टाका. सर्टिफिकेट गावावरून मागाहून येतंय म्हणायचं. नाय आलं तर नाय आलं, कोन विचारतंय? उद्या रांगेत एक कबर उघडायचीच हाय."

ते त्यांनी चांगुलपणाने म्हटलं. त्यांच्यावर मला अन्याय करायचा नाही. एका परक्या पोरीसाठी स्वतःच्या कमिटीशी खोटं बोलायला तो कडक माणूस तयार झाला होता. आणि मी तर सगळ्यांना हो म्हणणारी. कारखान्यात सुपरवायझर ओव्हरटाइम म्हणाला की हो, बसमध्ये कुणी सरक म्हटलं की हो, काकांनी नुसत्या बोटांनी वाजवलेलं गाणं ओळख म्हटलं तरी हो. फक्त मान हलवायची होती. दादा या विषयावर काही बोलून गेला नव्हता. सव्वीस वर्षांचा माणूस आपल्या मातीबद्दल बोलत नसतो. त्यामुळे तेव्हा जे तोंडातून निघालं ते माझंच होतं, दुसऱ्या कुणावर मी ते ढकलत नाही.

"नाही," मी म्हटलं. "आम्ही कॅथलिक नाही. मी रांगेत उभी राहायचे ते मला माहीत नव्हतं म्हणून. चूक माझी आहे. दादाला कॅथलिक लिहू नका."

"येडी का काय तू? एका शब्दाचा प्रश्न हाय."

"एका शब्दाचाच आहे," मी म्हटलं. मी टेबलाची कड धरली. "माझ्या वडिलांच्या वेळेला पण एकाच शब्दाचा होता. आम्ही कोण ते ठरेपर्यंत ते दिवसभर रस्त्यावर होते. दादा जो होता तोच म्हणून मातीत जाईल. नाही तर मी त्याला कुठे न्यायचं ते बघेन."

कुठे बघणार होते, देव जाणे. मला त्या शहरात कबरस्थान सोडा, पोस्ट ऑफिससुद्धा धड माहीत नव्हतं.

फादरनी हळू आवाजात विचारलं, "दीड वर्ष घेतलंस?"

"हो."

मला वाटलं आता हाकलतील.  फादर म्हणाले, "घेतलंस ते घेतलंस. प्रभूने परत मागितलं नाही, मी कोण मागणार? यापुढे रांगेत येऊ नकोस, बाकावर बस." नंतर बेनीअंकलकडे वळले. "नियम नको म्हणत नाही. बाप्तिस्मा झालेला माणूस आहे, त्याचा पाळक इथे नाही. मी वर बिशपसाहेबांकडे फोन करून परवानगी घेतो. जो आहे तसाच लिहू. पण रांग कमिटीची आहे, ती मी देऊ शकत नाही."

"रांग नाय," बेनीअंकल म्हणाले. "खरं लिहायचं तर रांग नाय. कमिटी माझी मान धरेल."

"रांग कोन मागते?" मावशी म्हणाली. "माझी कबर हाय ना."

तिच्या सासरची कबर होती, जुनी, दगडी क्रूसाची. सासू-सासरे त्यात होते. आणि एकदा उघडली की दोन वर्षं परत उघडायची नाही, हा नियम घरच्या कबरीलाही होता. खोलीतल्या तिघांनाही ते एकदमच लक्षात आलं. मला नाही.

"आनि पास्कल?" बेनीअंकलनी विचारलं. "डॉक्टर काय बोलला, ठाव हाय ना तुना? सहा महिने बोलला, फिलू. त्याला आपल्या बापाजवळ नको झोपायला?"

वरून विमान चाललं होतं. सगळे थांबले. तेवढ्या वेळात मला काय देऊ केलं जातंय ते कळलं आणि मी मावशीचा हात धरून नको नको अशी मान हलवायला लागले. विमान गेलं. मावशी म्हणाली, "पास्कल अजून जिता हाय. हा पोर मेला हाय. आते कोनाला जागा पायजे?"

"त्याला विचारलंस तरी?"

"चल, तुझ्यासमोर विचारते."

आम्ही तिघं घरी आलो. काका खुर्चीतच होते. बातमी त्यांना कळली होती; डोळे लाल होते. मावशी समोर उभी राहिली, बेनीअंकल दारात, मी पायरीवर.

"विचारायला आलीस का सांगायला?" काकांनी विचारलं.

"सांगायला."

"मग सांग."

तिने सांगितलं. त्यांना धाप लागत होती, म्हणून एकेक शब्द सुटा यायचा. "माझा बाप... मुका माणूस. आयुष्यभर... चार वाक्यं बोलला नाय. तिथं आई... कंटाळली असेल. पोरगा बोलका हाय. जाऊ दे त्याला." मग बेनीअंकलना म्हणाले, "तू असा तोंड पाडून उभा का? मी काय उद्याच मरतो? डॉक्टर तुझ्यासारकाच, हिशोब करत बसतो."

बेनीअंकल निघून गेले. मला वाटलं ते कमिटी जमवायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कबरस्थानात पोचले तर ते बाह्या दुमडून खड्ड्यात उतरलेले. खोदणारे दोघे वर उभे, आणि हा रिटायर साहेब आत वाकून आपल्या चुलत्या-चुलतीची हाडं हाताने वेचून पांढऱ्या फडक्यात ठेवत होता. मला बघून म्हणाले, "बाजूला सरक. बघू नको. माज्या माणसांना मीच उचलतो, दुसऱ्याचा हात नको." फडकं त्यांनी पायथ्याशी ठेवलं, वरून माती दिली आणि मग दादासाठी जागा साफ केली.

चार वाजता नेलं. मी मनात धरून होते की आम्ही पाच-सहा माणसं असू. गावठाण निघालं. ज्या चौघी-पाचजणी त्या रविवारी फाटकाशी दादाला टाळून पुढे गेल्या होत्या, त्याही होत्या की नाही मला सांगता येणार नाही, पण अंगणात बायका इतक्या होत्या की जिन्यावरसुद्धा उभ्या होत्या. पास्कलकाकांचे बँडवाले न बोलावता आले. आई यष्टीने सकाळीच पोचली होती, बरोबर माझे दोन मामा, एकाच्या पिशवीत टाळ. फादरनी त्यांची प्रार्थना केली, थोडकी, आणि म्हणाले, "आता तुमची करा." आई उभी राहिली. मामांनी टाळ काढले. आईने आमच्याकडचं मातीच्या वेळचं गीत उचललं, संथ चालीत, पहिल्या ओळीला आवाज फाटला आणि दुसरीला सापडला. माझ्यामागे कुणीतरी कुजबुजलं, "हे तर हिंदूंच्या देवळातलं भजन." मावशीने वळूनसुद्धा न बघता म्हटलं, "मग? देवाला भजन ऐकू येत नाय?" तिसऱ्या कडव्याला बँडवाल्यांपैकी एकाने, त्यांच्या कानाला चाल कळली तशी, ट्रम्पेटवर खालच्या सुरात साथ धरली. असली उपासना मी आधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. कुणाच्या पुस्तकात ती बसणार नाही. न बसू दे.

रात्रीचा कडू घास मावशीच्या घरचा. पेज आणि भाजलेला बोंबील. आईने जन्मात कधी बोंबील खाल्ला नव्हता. मावशीने तो तिच्या ताटलीत मोडून ठेवला आणि म्हणाली, "खा गं बाय. मी मायेनं देते." आईने खाल्ला.

हे इथे संपलं असतं तर मी ते इतरांसारखं मंडळीतल्या एखाद्या साक्षीच्या सभेत, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतात तिथे, सांगून मोकळी झाले असते. सातव्या महिन्यात पास्कलकाका गेले. डॉक्टर बरोबर निघाला. घरची कबर उघडणार नव्हती. काकांना रांगेत ठेवलं, एका अनोळखी म्हाताऱ्या बाईच्या आणि एका बाळाच्या मध्ये. त्यांची मुलगी परदेशातून आली होती. ती आईवर चिडली, आणि माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही, तिचंही बरोबर होतं. गावठाणात बायका बोलायला लागल्या की फिलूने नवऱ्याची जागा घाट्यांना दिली. नळावर एकीने मावशीला तोंडावर विचारलं, "आते वाईट नाय वाटत तुना?" मावशी म्हणाली, "आयुष्यभर बँडमध्ये रांगेतच चालला. झोपेल रांगेत. तू तुझी कळशी भर." ती बाई गेल्यावर मावशीने आपली कळशी भरली आणि उचलायचं विसरून बराच वेळ नळाकडे बघत उभी राहिली.

आणि आता माझं जे आहे ते लिहिते. मुदत भरल्यावर काकांची कबर उघडायचा दिवस ठरला. घरच्या माणसाने फडकं धरायला उभं राहायचं असतं. मुलगी परदेशात. मावशीने मला विचारलं, "येशील ना?" मी म्हटलं, "सुट्टी मिळणार नाही." मी सुट्टी मागितलीच नव्हती. मला त्या खड्ड्यासमोर उभं राहायची भीती वाटली. जे माझ्यामुळे तिथे होते त्यांच्याकडे कुठल्या तोंडाने बघू, असं वाटलं, आणि लोक काय बोलतील तेही वाटलं. मावशी एकटी गेली. बेनीअंकल तोवर वारले होते. खोदणाऱ्याने फडक्याचं एक टोक धरलं, तिने दुसरं. घरची कबर नुसत्या हाडांसाठी उघडत नाहीत, म्हणून काका भिंतीतल्या कोनाड्यात गेले. संध्याकाळी मी जिना चढले, चौथी पायरी करकरली, आणि खालून नेहमीसारखा आवाज आला, "जेवून घे गं, भाकरी झाकून ठेवलीय." ज्या पोरीने फादरसमोर मान वर करून नाही म्हटलं, तीच मी. माणूस एकदा धीट झाला म्हणजे कायमचा होत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मावशी आता नव्वदीच्या जवळ आहे. गावठाणाच्या तोंडाशी मेट्रोचे खांब आलेत, तिन्ही बाजूंनी टॉवर. मी मुलुंडला राहते, सून आहे, नातू आहे, पण शनिवार चुकवत नाही. तिला कमी दिसतं. मागे एकदा मी तिची वेणी घालत होते तेव्हा म्हणाली, "मी गेल्यावर घरची कबर उघडतील. त्याच दिवशी भिंतीतून त्याला पण काढून माझ्याजवळ ठेवता येतं. दुसऱ्या दिवशी नाय देत. घरचं मानूस उभं पायजे." मुलीचे गुडघे गेलेत, तिला तिकडून वेळेवर येता येईल असं नाही. मावशीने एवढंच सांगितलं, पुढे काही मागितलं नाही. तिने मला कधीच काही मागितलं नाही, एकदा सोडून.

म्हणून मी कमिटीच्या नव्या पोरांकडे जाऊन अर्ज दिला, त्या दिवशी काकांना भिंतीतून काढायला घरचं माणूस म्हणून मला उभं राहू द्यावं. त्यांनी विचारलं, तुम्ही घरच्या कोण? मी म्हटलं, माझा भाऊ त्या कबरीत आहे, आता तुम्हीच सांगा मी कोण. त्यांनी अर्ज ठेवून घेतला. मंजूर केला नाही, परतही दिला नाही. मी दर महिन्याला जाऊन विचारते. आता मला ते ओळखतात आणि कंटाळतात. कंटाळू देत.

मावशी, तुला वाचता येत नाही आता, माझ्या नातवाकडून हे वाचून घे. तू घाई करू नकोस. पण ज्या दिवशी तू जाशील त्या दिवशी मी त्या भिंतीसमोर असेन. सुट्टी, पाऊस, कमिटी, काही सांगणार नाही. फडकं मी धरीन, दोन्ही टोकं. काकांना मी माझ्या हातांनी उचलून तुझ्याजवळ, दादाजवळ, त्यांच्या मुक्या वडिलांजवळ आणून ठेवीन. कुणी पुढे येऊन विचारलं, ही बाई कोण, ही कॅथलिक आहे का, तर मी नाही म्हणेन आणि हात मागे घेणार नाही.